घटनास्थळी हजर

डोंगरात माणसाची खरी ओळख पटते आणि सोबत नदी ओलांडलेली मैत्री जन्मभर टिकते, असं आमच्या आइसलँडमध्ये सगळे मानतात. आम्ही चौघं गेली बावीस वर्षं दर ऑगस्टमध्ये डोंगरात जातो. ओळख पहिल्याच वर्षी पटली. उरलेली एकवीस वर्षं ती विसरायचा प्रयत्न चालू आहे.

मग सहल बंद का करत नाही, असं कुणीही विचारेल. बंद करू या, असं जो पहिल्यांदा म्हणेल तो म्हातारा झाला असं ठरेल, म्हणून. चौघांनाही म्हातारं व्हायचं नाही, आणि बाकीचे तिघं आधी व्हावेत अशी प्रत्येकाची मनापासून इच्छा आहे.

गाडी केटिलची. केटिल गावच्या पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक, पण ते पोटापुरतं. खरा तो गावच्या बचाव तुकडीचा प्रमुख. कुणी बर्फात, नदीत, कड्यावर अडकलं की तुकडीतल्या लोकांच्या मोबाइलवर भोंगा वाजतो आणि सगळे हातातलं काम टाकून धावतात. पगार नाही, पण मान असा की चर्चमधला पाद्रीसुद्धा केटिलला आधी दारातून जाऊ देतो. चौदा वर्षं तो प्रमुख आहे. पेट्रोल पंपावर त्याचं पोस्टर लावलंय. नारिंगी जाकीट, हाताची घडी आणि खाली पाच भाषांत एकच वाक्य: नदीत गाडी घालण्याआधी ती पायी चालून बघा.

ओद्दुरचं टायरचं दुकान आहे. तो तुकडीचा उपप्रमुख, नऊ वर्षं. नऊ वर्षं उपप्रमुख राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो एक सोशिकपणा येतो तो त्याच्या चेहऱ्यावर होता, फक्त आत सोशिकपणा नव्हता. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तो प्रमुखपदासाठी उभा राहणार होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, केटिललाही. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. केटिलने फक्त यंदा जीपला नवे टायर बसवून घेतले, तेही राजधानीला, रेक्याविकला जाऊन.

तिसरी स्टेनुन, केटिलची थोरली बहीण. आरोग्य केंद्रात नर्स. गावातल्या निम्म्या लोकांना तिने सुया टोचल्यात आणि उरलेल्यांना शब्द.

चौथा मी, बेर्गुर. शाळेत मुलांना सक्तीची असलेली डॅनिश भाषा शिकवतो, त्यामुळे द्वेष म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. तुकडीत मी चिटणीस आहे. अहवाल लिहायचे, सभेची कॉफी करायची, एवढंच. माझ्या मोबाइलवर भोंगा येत नाही.

सकाळी आठला निघायचं ठरलं होतं. सव्वादहाला निघालो. स्टेनुनला बेकरीतले दालचिनीचे गोल पाव हवे होते आणि ते भट्टीतून निघेपर्यंत ती हलेना.

"एका पावासाठी दोन तास," केटिल म्हणाला.

"तुझ्यासोबत तीन दिवस काढायचेत. काहीतरी गोड नको का?"

पुढे चार तास गाडीत शांतता होती. शांतता म्हणजे काच वर की खाली यावर दोनदा, रस्ता चुकला की नाही यावर तीनदा, आणि सुका मासा गाडीत खावा की नाही यावर एकदा, पण ते शेवटपर्यंत. टायरांबद्दल ओद्दुर काहीच बोलला नाही. तो फक्त प्रत्येक थांब्यावर खाली उतरायचा, खिशात हात घालून एकेका टायरासमोर उभा राहायचा आणि दवाखान्यात पेशंटकडे बघतात तसं बघून परत गाडीत बसायचा.

"काय आहे?" तिसऱ्या थांब्यावर केटिलने विचारलं.

"कुठे काय? छान आहेत."

"मग बघतोस काय?"

"राजधानीतला माल आहे. आम्हा खेड्यातल्यांना कुठे बघायला मिळतो."

अडीच वाजता आम्ही स्कोला नदीवर पोचलो. डोंगराचा रस्ता इथून सुरू होतो. मागे दोनेक किलोमीटरवर शेवटचं शेत, पुढे काही नाही. स्कोला हिमनदीतून येते, त्यामुळे सकाळी ती गुडघाभर असते आणि दुपारी वरचं बर्फ वितळलं की फुगते. रंग राखेच्या पाण्याचा, तळ दिसत नाही. तिचं आणखी एक वैशिष्ट्य असं की ती हद्द आहे. अलीकडचा काठ आमच्या तुकडीचा, पलीकडचा शेजारच्या खाडीतल्या तुकडीचा. त्या लोकांबद्दल आमच्या मनात काही वाईट नाही. त्यांनी एकदा आमच्या हद्दीतला एक अडकलेला ट्रक आम्ही पोचायच्या आत काढला, त्याला अकरा वर्षं झाली आणि आम्ही ते जवळजवळ विसरलो आहोत.

केटिलने गाडी काठावर थांबवली. मला अजूनही वाटतं, तो उतरणारच होता. त्याने पट्टा सोडला होता, मागच्या सीटवरच्या रबरी बुटांकडे हात नेला होता. तेवढ्यात ओद्दुर म्हणाला, "पायी चालून बघ हं आधी."

केटिलचा हात थांबला.

"मला सांगतोस?"

"नाही, आपलं पोस्टरवर लिहिलंय म्हणून."

"या नदीतून मी तीस वर्षं जातोय. माझ्या न्हाणीघरापेक्षा मला ही जास्त माहीत आहे."

"न्हाणीघरातलं पाणी दुपारी वाढत नाही," स्टेनुन म्हणाली.

"गाडी कोण चालवतंय?"

"तोच तर प्रश्न आहे."

केटिलने पट्टा परत लावला, गिअर टाकला आणि गाडी पाण्यात घातली. पहिले दहा मीटर ठीक गेले. ओद्दुर खिडकीतून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर निराशा होती. मग पुढचं चाक कसल्याशा खड्ड्यात गेलं, बॉनेटवरून पाणी आलं, इंजिनने खोकल्यासारखा आवाज केला आणि ते बंद पडलं. नदीच्या बरोबर मध्यावर.

केटिलने किल्ली फिरवली. काही नाही.

"पुन्हा फिरवू नकोस," ओद्दुर म्हणाला. "आत पाणी गेलंय. पुन्हा फिरवलीस तर इंजिन कायमचं जाईल."

केटिलने पुन्हा फिरवली.

दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं. ते इतकं गार होतं की पहिल्या क्षणी भाजल्यासारखं वाटलं. आम्ही खिडक्यांतून बाहेर पडून टपावर चढलो. मी पन्नास वर्षांचा आहे. ते कसं केलं हे मला सांगता येणार नाही आणि ओद्दुर सांगेल ते खरं नाही. टपावर सामानाची पेटी होती. तिच्या दोन बाजूंना दोघे दोघे बसलो. पाणी दाराच्या कडीपर्यंत होतं.

"वाट बघू," केटिल म्हणाला. "उतरेल."

"पावणेतीन वाजलेत," स्टेनुन म्हणाली. "सहापर्यंत चढतच राहणार. पाण्याबद्दल तूच शाळेत जाऊन मुलांना शिकवतोस." तिने खिशातून मोबाइल काढला.

"काय करतेस?"

"एक-एक-दोनला लावते."

"अजिबात नाही!"

"का?"

"का म्हणजे काय? मी तुकडीचा प्रमुख आहे!"

"म्हणून तर लावते. तुकडी हातात असताना दुसऱ्या कुणाला का त्रास?"

केटिलची अवस्था मला समजत होती. चौदा वर्षं त्याने पर्यटकांना याच नदीतून ओढून काढलं आणि प्रत्येकाला तेच भाषण दिलं. ते भाषण आम्हाला पाठ आहे. लग्नसमारंभांत त्याची नक्कल होते. तीन आठवड्यांवर सभा. आमची तुकडी आली तर त्याच्याच हाताखालच्या पोरांसमोर त्याला जीपच्या टपावरून उतरावं लागणार, आणि सभेत ओद्दुरला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही. आणि पलीकडच्या खाडीतली तुकडी आली तर मग सभेपर्यंतही वाट बघायची गरज नव्हती. त्याने गाव सोडलेलं बरं.

स्टेनुनने फोन लावला होता. आवाज मोठा ठेवला होता, कारण पाण्याच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. पलीकडून एक अत्यंत सभ्य मुलगी बोलत होती.

"कुणाला इजा झाली आहे का?"

"अजून नाही," स्टेनुनने दोघा पुरुषांकडे बघत सांगितलं.

"तुम्ही कुठल्या काठाच्या जवळ आहात?"

"आपल्या!" केटिल ओरडला. "आपल्या काठाच्या सांग!"

"खोटं आहे," ओद्दुर म्हणाला. "पुढची चाकं त्यांच्या हद्दीत आहेत."

"गाडी कुठली धरतात, मागची की पुढची? इंजिन बंद पडलं तेव्हा—"

"इंजिन पुढे असतं, केटिल."

"बरोबर मध्यावर आहोत," स्टेनुनने फोनमध्ये सांगितलं.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "मग मी दोन्ही तुकड्यांना कळवते. जी आधी स्वीकारेल ती येईल. काळजी करू नका."

फोन बंद झाला. मग केटिलच्या छातीवरच्या खिशात भोंगा वाजला. लगेच ओद्दुरच्या पँटमध्ये दुसरा. दोन्ही भोंगे एकाच सुरात आणि डोंगरात प्रतिध्वनीसह.

केटिलने मोबाइल बाहेर काढला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं: स्कोला नदी, चार माणसं, एक वाहन, पाणी वाढतंय. खाली दोन चौकोन. येतो. येत नाही.

तो त्या चौकोनांकडे बघत राहिला. मग मी त्याच्या चेहऱ्यावर जे बघितलं ते फार कमी माणसांच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याला कल्पना सुचली होती.

"आपण स्वीकारू," तो म्हणाला.

"काय स्वीकारू?" मी विचारलं.

"कॉल! आपण स्वीकारला की पलीकडचे येणार नाहीत. आणि आपल्या पोरांना कळवतो, किरकोळ आहे, प्रमुख आणि उपप्रमुख बघून घेतील. कुणी यायचं कारण नाही. कुणाला काही कळायचंही कारण नाही." आणि त्याने अंगठा दाबला. येतो.

पडद्यावर पुढचं वाक्य उमटलं: एक सदस्य रवाना. किमान दोन आवश्यक. नव्वद सेकंद.

आता सगळं ओद्दुरच्या अंगठ्यावर आलं.

ओद्दुरला हे कळायला फार वेळ लागला नाही. त्याने मोबाइल मांडीवर ठेवला, पेटीला पाठ टेकली आणि पाय जरा लांब केले. बूट पाण्याला लागले तरी त्याने मागे घेतले नाहीत.

"दाब ना," केटिल म्हणाला.

"घाई काय आहे?"

"नव्वद सेकंद आहेत!"

"मी नऊ वर्षं थांबलोय."

"तुला काय हवंय?"

"सभेत तू उठायचंस. म्हणायचंस की चौदा वर्षं झाली, मी थकलो. आणि माझं नाव सुचवायचंस. स्वतःच्या तोंडाने."

"ही खंडणी झाली."

"बरं. मग पलीकडचे येऊ देत. त्यांच्याकडे नवीन ड्रोन आहे म्हणे. व्हिडिओ स्पष्ट येतो."

"तू मित्र आहेस का कोण आहेस?"

"मित्र? मित्राकडे टायरचं दुकान असताना तीनशे किलोमीटरवरून टायर आणतात का?"

"शेवटी तेच ना! टायर!"

"टायर नाहीच! ते बरे टायर आहेत, ते मी म्हणालोसुद्धा!"

"चाळीस सेकंद," स्टेनुन म्हणाली. तिने कागदाच्या पिशवीतून उरलेला पाव काढला होता. "तुम्ही दोघं चालू द्या."

केटिलने माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं. डॅनिशच्या वर्गात हे कौशल्य कामाला येतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला, आणि ते इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

"मोठ्याने. साक्षीदार आहेत."

"सोडतो प्रमुखपद! तुझं नाव सुचवतो! दाब आता, हरामखोरा!"

ओद्दुरने अंगठा दाबला. पडद्यावर हिरवं आलं. केटिलने मग तुकडीला निरोप पाठवला: किरकोळ, आम्ही दोघं बघतो, कुणी येऊ नये. एकेक करून अंगठ्यांची चित्रं आली. कुणीतरी लिहिलं: झकास, मग मी गवत कापायला जातो. सवयीनुसार केटिलने पुढचा चौकोनही दाबला: घटनास्थळी हजर.

आमच्या तुकडीच्या इतिहासात इतक्या लवकर कुणी पोचलं नव्हतं.

दोघेही जरा सैल झाले. ओद्दुर तर हसलाही. मी थोडा वेळ विचार केला आणि मग मला ते विचारणं भाग पडलं.

"म्हणजे आता कोण येणार?"

"कुणी नाही," केटिल म्हणाला. "सांगितलं ना, मी—"

त्याने खाली बघितलं. पाणी काचेपर्यंत आलं होतं.

"म्हणजे," स्टेनुन पाव चावत म्हणाली, "तुम्ही आम्हाला वाचवायला आलात."

ओद्दुरने बूट पाण्यातून वर घेतले.

"मग वाचवा."

पेटीत दोर होता, हाताने ओढायची चरखी होती, तारेची गुंडाळी होती. गाडीतून बचावाचं सगळं सामान घेऊन फिरणारी माणसं आम्ही. चरखी जीपच्या पुढच्या कडीला बांधायची, तार काठावरच्या एखाद्या मोठ्या दगडाला, आणि दांडा मागेपुढे करत गाडी हळूहळू ओढायची. दगड फक्त पलीकडच्या काठावर होता. अलीकडे नुसती वाळू.

"मागे ओढू," केटिल म्हणाला. "आपल्या काठाला."

"कशाला बांधून? तुझ्या प्रतिष्ठेला?"

"मी काय म्हणतो, पलीकडे गेलो तर नोंदीत त्यांची हद्द येईल."

"प्रमुख मी आहे आता," ओद्दुर म्हणाला.

"सभेनंतर!"

यावर त्यांचं काय ठरलं असतं कोण जाणे. स्टेनुनने दोराचं टोक कमरेला बांधलं, बोटांवरची साखर झटकली आणि खिडकीच्या चौकटीवर पाय ठेवून पाण्यात उतरली. छातीपर्यंत. तिच्या तोंडून निघालेला शब्द पाद्र्याने ऐकला असता तर त्याने तिलाही दारातून आधी जाऊ दिलं असतं. दोन्ही हातांनी तार धरून, प्रवाहाकडे तोंड करून, एक एक पाऊल बाजूला टाकत ती निघाली. बचावाच्या पुस्तकात लिहिलंय अगदी तसं. ते पुस्तक केटिलने लिहिलंय.

आम्ही तिघांनी दोर धरला. एकदा तिचा पाय गेला आणि ती खांद्यापर्यंत बुडाली, तेव्हा दोघेही एकाच वेळी "ओढ!" आणि "सोड!" असे ओरडले. मी काहीच केलं नाही, ते बरोबर निघालं. ती उठली, पुढे गेली, काठावर चढली, आणि दगडाला तार बांधून तिथेच हातपाय आपटत उभी राहिली.

मग चरखी. आधी केटिल दांडा मारत होता आणि ओद्दुर चुका काढत होता, नंतर उलट. दोघेही बॉनेटवर ओणवे, कमरेपर्यंत भिजलेले, आणि एका दांड्याला गाडी बोटभर सरकणार. मला वाटलं होतं, एकत्र कष्ट करताना मनं जुळतील. दीड तासाने ओद्दुर म्हणाला, "तुझ्या बहिणीने तुझ्यापेक्षा जास्त लोक वाचवलेत," आणि केटिल म्हणाला, "तुझ्या बायकोने स्वतःला स्वतःच वाचवलं, तुला सोडून गेली ती." त्यानंतर दांडा जास्त जोरात चालला, एवढंच.

पावणेसहाला जीपची पुढची चाकं पलीकडच्या वाळूवर आली. आमचे दात वाजत होते. जीप सुरू होणं शक्य नव्हतं. आणि मग नदीच्या अलीकडून, आम्ही आलो त्या बाजूने, एक ट्रॅक्टर हळूहळू पाण्यात उतरला, मोठ्या चाकांवर सहज पार झाला आणि आमच्यापाशी येऊन थांबला. शेवटच्या शेतातला ग्रिमुर. पिकल्या दाढीचा, दिवसाला वीसेक शब्द बोलणारा माणूस.

"झालं?" त्याने विचारलं.

"काय झालं?" केटिल म्हणाला.

"सराव."

"सराव?"

"तीन वाजल्यापासून बघतोय. दुर्बीण आहे माझ्याकडे. प्रमुख नि उपप्रमुख दोघे आहेत म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू?" त्याने जीपकडे, मग स्टेनुनकडे बघितलं. "बाईंना उगाच पाण्यात घातलंत. हुबेहूब केलंत पण."

तो त्या दिवसाचे शब्द संपवून गप्प झाला. त्याने साखळी लावली आणि आम्हाला परत आमच्या काठाला ओढून नेलं. त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही मेंढीच्या मांसाचं गरम सूप प्यालो, चौघं टेबलाच्या चार कडांना, आणि कुणी कुणाला मीठ दिलं नाही.

अहवाल मीच लिहिला. वाचवलेली माणसं: चार. वाचवणारे सदस्य: दोन. कॉल स्वीकारल्यापासून पोचायला लागलेला वेळ: शून्य मिनिटं. जीवितहानी नाही. केटिलने तो दोनदा वाचला आणि सही केली. ओद्दुरनेही केली, पण खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: शब्द दिलेला आहे.

तीन आठवडे केटिल तलावावर कुणाशी बोलला नाही. पोहायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी मला विचारलं, त्याला काय झालंय. ओद्दुरने नवीन जाकीट शिवून घेतलं आणि छातीवर पदाच्या पट्टीची जागा मोकळी ठेवली. स्टेनुनने दोघांनाही सर्दीची गोळी नाकारली. केटिल भाषण तयार करत होता हे मला ठाऊक होतं, कारण 'थकलो' या शब्दाऐवजी दुसरा कुठला चांगला शब्द आहे का, असं त्याने मला विचारलं. मी डॅनिशमधला एक सुचवला. त्याने फोन ठेवला.

सभेच्या शनिवारी केटिल इस्त्रीच्या शर्टात आला. घडी घातलेला कागद हातात. ओद्दुर पहिल्या रांगेत बसला, नव्या जाकिटात. मी तीस जणांची कॉफी केली होती. सात वाजता नियमाप्रमाणे हजेरी मोजली. त्याच आठवड्यात डोंगरातून मेंढ्या खाली आणायच्या होत्या आणि अर्धं गाव वर गेलं होतं.

नऊ जण आले होते. सभेला पंधरा लागतात. पुरेसे जमले नाहीत तर जुनेच पदाधिकारी आणखी एक वर्ष राहतात.